१४७५७३९५२५८९६७६४१२९२७ : संयुक्त आहे हे कळलं, अवयव मिळायला सत्तावीस वर्षं लागली

ऑक्टोबर २०२४ मध्ये जगातली तोवरची सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या जाहीर झाली: २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, वजा १. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. ल्यूक ड्युरंट या अमेरिकी संशोधकाने ती ‘जिम्प्स’ या सामूहिक शोधमोहिमेत, ग्राफिक्स कार्डांवर गणित चालवून शोधली. अशी बातमी आली की एक प्रश्न हमखास विचारला जातो: एवढ्या अवाढव्य संख्येला कशानेच भाग जात नाही, हे कुणी भागून पाहिलं?

कुणीच नाही. ‘ही संख्या मूळ आहे का?’ हा एक प्रश्न आणि ‘हिचे अवयव कोणते?’ हा दुसरा. शाळेत दोन्हींची उत्तरं एकाच भागाकारातून मिळतात, म्हणून ते एकच वाटतात. मोठ्या संख्यांच्या बाबतीत पहिला प्रश्न सोपा असतो आणि दुसरा भयंकर अवघड. हा फरक समजून घ्यायला चार कोटी अंक लागत नाहीत, शीर्षकातली एकवीस अंकी संख्या पुरते.

### संख्या आहे तरी केवढी

आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर ती १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ अशी दिसते. आपल्या जुन्या गणितातली स्थाननावं परार्धापाशी, म्हणजे १० च्या १७ व्या घातापाशी, संपतात. ही संख्या १,४७५ परार्धांच्या वर जाते. थोडक्यात लिहायची तर २ चा ६७ वा घात वजा १. द्विमान पद्धतीत तिचं रूप म्हणजे ओळीने सदुसष्ट एक, दुसरं काही नाही. २ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. आपल्या संख्येला पुढे म६७ म्हणू.

एक सावधगिरी आधीच सांगून ठेवतो. ही संख्या एक्सेलमध्ये टाकू नका. एक्सेल फक्त १५ अंक नेमके ठेवतं आणि पुढचे सहा अंक गुपचूप शून्य करतं. फोनचे बरेच कॅल्क्युलेटरही घातांकी रूप दाखवून मोकळे होतात. पायथन या संगणकी भाषेत २**६७ - १ लिहिलं (अर्थात इंग्रजी अंकांत) तर सगळे अंक बरोबर येतात, कारण तिथल्या पूर्णांकांना लांबीची मर्यादा नाही.

### शाळेतल्या कसोट्या कुठपर्यंत नेतात

शेवटी ७ आहे, म्हणजे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज १०९, तिला ३ ने भाग जात नाही. उजवीकडून एकाआड एक अंक मिळवत-वजा करत गेलं तर १७ येतात, म्हणून ११ ही बाद. ७ साठी तर अंकांकडे बघायचीही गरज नाही. २ च्या तिसऱ्या घाताला, म्हणजे ८ ला, ७ ने भागलं की बाकी १ उरते. ६७ म्हणजे बावीस वेळा ३ आणि वर १, म्हणून २ च्या ६७ व्या घाताची बाकी २, आणि म६७ ची बाकी १.

ही शेवटची युक्ती महत्त्वाची. म६७ ला एखाद्या संख्येने भाग जातो का हे पाहायला एकवीस अंकी भागाकार मांडावा लागत नाही. २ चे घात वर्ग करत करत चढवायचे आणि प्रत्येक पायरीला फक्त बाकी ठेवायची. पुढचं जवळजवळ सगळं गणित याच युक्तीवर उभं आहे.

### मर्सेनची यादी आणि तिच्यातल्या चुका

घातांक संयुक्त असेल तर मर्सेन संख्या संयुक्तच असते. घातांक मूळ असला तर ती मूळ असू शकते, पण असतेच असं नाही. २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २,०४७, आणि २,०४७ = २३ × ८९. फ्रान्सच्या मारँ मर्सेन या धर्मगुरूने १६४४ मध्ये दावा केला, की २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ एवढ्यांनाच मूळ संख्या मिळते. यादी कशी काढली हे त्याने सांगितलं नाही. ती तपासायला लोकांना तीनशे वर्षं लागली. ६७ आणि २५७ चुकीचे निघाले, तर ६१, ८९ आणि १०७ राहून गेले होते. ६१ च्या जागी ६७ छापलं गेलं असावं, असाही एक तर्क आहे. ते काहीही असो, म६७ मूळ आहे हा समज सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ टिकला.

### भागून का पाहिलं नाही?

सरळ हिशेब करू. म६७ चं वर्गमूळ साधारण १,२१५ कोटी. संख्या संयुक्त असेल तर तिचा निदान एक अवयव त्याच्या आत सापडायलाच हवा. पण १,२१५ कोटींपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या हाताने कोण तपासणार?

इथे फर्मा या फ्रेंच गणित्याचं १६४० मधलं काम उपयोगी पडतं. समजा ‘व’ ही मूळ संख्या म६७ चा अवयव आहे. १ ला सतत दुप्पट करत जा आणि दर वेळी व ने भागून बाकी लिहा. या बाकींचं चक्र कधीतरी परत १ वर येतं. म६७ ला व ने भाग जातो याचा अर्थच असा, की ६७ व्या पायरीला बाकी १ येते. ६७ स्वतः मूळ असल्यामुळे चक्राची लांबी नेमकी ६७ असणार, कमी नाही. आणि फर्माचा नियम सांगतो, की चक्राच्या लांबीने व − १ ला भाग गेलाच पाहिजे. व विषम आहे, म्हणजे व − १ सम. तेव्हा व − १ ला १३४ ने भाग जाणार. म्हणजेच म६७ चा प्रत्येक अवयव १३४ × क + १ या रूपाचा असतो. शिवाय त्याला ८ ने भागलं की बाकी १ किंवा ७ यावी लागते, अशी आणखी एक अट आहे. त्यामुळे क ला ४ ने भागल्यावर बाकी ० किंवा १ असेल तेवढेच क उरतात.

ही चाळणी किती बारीक आहे ते पाहा. क = १ ला १३५ मिळतात, त्याला ५ ने भाग जातो. क = ४ ला ५३७, म्हणजे ३ × १७९. क = ५ ला ६७१, म्हणजे ११ × ६१. क = ८ ला १,०७३, म्हणजे २९ × ३७. क = ९ ला १,२०७, म्हणजे १७ × ७१. पहिली खरी उमेदवार मूळ संख्या क = १२ ला मिळते: १,६०९. त्याखालच्या अडीचशेवर मूळ संख्या न तपासताच बाद!

आता १,६०९ तपासू. २ चा ११ वा घात २,०४८, बाकी ४३९. त्याचा वर्ग केला की २२ वा घात, बाकी १,२५०. पुन्हा वर्ग केला की ४४ वा, बाकी १६१. २२ वा आणि ४४ वा गुणले की ६६ वा, बाकी १२५. दुप्पट केली की ६७ वा, बाकी २५०. अवयव असता तर १ आली असती. तेव्हा १,६०९ बाद, पुढचा उमेदवार घ्या.

पण चाळणी लावूनही अडचण उरतेच. लहान अवयव ज्या ठिकाणी आहे तिथपर्यंत पोचायला अंदाजे ऐंशी हजार मूळ उमेदवार तपासावे लागतात. एकाला पाच मिनिटं धरली तरी साडेसहा हजार तासांच्या वर काम. आणि तो किती पुढे आहे हे आधी ठाऊक नसतं. तो आहे की नाही हेच ठाऊक नसतं.

### मग अवयव नसताना ‘संयुक्त’ कसं ठरवलं?

फ्रेंच गणिती एदुआर ल्युकास यांनी १८७६ मध्ये दाखवलं, की म६७ मूळ नाही. अवयव त्यांच्याकडे नव्हता. डेअरीवर दुधात लॅक्टोमीटर बुडवला की पाणी घातलंय हे कळतं, पण ते कुठल्या विहिरीचं हे कळत नाही. ल्युकासची कसोटी अशीच आहे. १९३० च्या सुमारास डी. एच. लेमर यांनी ती सुटसुटीत केली. त्या रूपात ती चौथीतल्या मुलालाही करता येईल, फक्त कागद पुष्कळ लागेल.

४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा. ही कृती घातांकापेक्षा २ ने कमी इतक्या वेळा करायची. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ, नाही तर संयुक्त.

३१ म्हणजे २ चा ५ वा घात वजा १. तीन पायऱ्या: ४ वरून १४, १४ चा वर्ग १९६, वजा २ म्हणजे १९४, बाकी ८, ८ चा वर्ग ६४, वजा २ म्हणजे ६२, बाकी ०. मूळ.

२,०४७ ला नऊ पायऱ्या: ४ वरून १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शेवट शून्य नाही, म्हणून संयुक्त. या ओळीत २३ किंवा ८९ कुठे दिसतात का? मागमूसही नाही.

म६७ साठी अशा फक्त ६५ पायऱ्या. हाताने त्रासदायक, तरी आटोक्यातल्या. त्यातही मर्सेन संख्यांनी भागणं विशेष सोपं असतं. २ च्या ६७ व्या घाताची बाकी १, म्हणून द्विमान रूपातली लांब संख्या उजवीकडून ६७ अंकांवर तोडायची आणि दोन तुकड्यांची बेरीज करायची. भागाकार नाहीच. विक्रमी मूळ संख्या बहुतेक वेळा मर्सेन संख्याच का असतात, याचं मुख्य कारण हे.

### याहून सोपी कसोटी नाही का?

आहे, पण तिच्यात खड्डा आहे. फर्माच्या नियमानुसार संख्या मूळ असेल तर २ चा (संख्या − १) इतका घात घेऊन तिने भागल्यावर बाकी १ येते. बाकी १ आली नाही तर संख्या नक्की संयुक्त. पण म६७ ला ही कसोटी लावली तर बाकी १ च येते! घातांक मूळ असलेली प्रत्येक मर्सेन संख्या, संयुक्त असो वा मूळ, ही कसोटी पास होते. २,०४७ वर पाहा: २ च्या ११ व्या घाताची बाकी १, आणि २,०४६ ला ११ ने भाग जातो, त्यामुळे २,०४६ व्या घाताची बाकीही १. पाया २ घेतला तर कसोटी आंधळी होते. म्हणून जिम्प्समध्ये पहिली चाचणी पाया ३ घेऊन करतात, आणि तीत पास झालेल्या उमेदवाराची खात्री ल्युकास–लेमर कसोटीने करतात. २०२४ च्या संख्येचंही तसंच झालं.

### १९०३: दोन अवयव

३१ ऑक्टोबर १९०३ ला न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत कोलंबिया विद्यापीठाच्या फ्रँक नेल्सन कोल यांनी अवयव जाहीर केले:

१९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७

एक शब्द न बोलता त्यांनी फळ्यावर दोन्ही बाजू मांडल्या आणि टाळ्यांच्या गजरात जागेवर येऊन बसले, अशी आख्यायिका फार लोकप्रिय आहे. मला त्याहून रस आहे तो पद्धतीत. त्यांनी आंधळेपणाने भागाकार केले नाहीत. वर्गांच्या बाकींवरून अवयवांवर एकेक अट वाढवत नेली, आणि उमेदवार झपाट्याने कमी केले.

उत्तर तपासणं मात्र कुणालाही जमतं, अगदी साध्या कॅल्क्युलेटरवर. दोन्ही संख्यांचे तीन-तीन अंकांचे गट करा: १९३, ७०७, ७२१ आणि ७६१, ८३८, २५७, २८७. उजवीकडून सुरुवात करा.

७२१ × २८७ = २,०६,९२७. लिहा ९२७, हातचे २०६.
७०७ × २८७ + ७२१ × २५७ + २०६ = ३,८८,४१२. लिहा ४१२, हातचे ३८८.
१९३ × २८७ + ७०७ × २५७ + ७२१ × ८३८ + ३८८ = ८,४१,६७६. लिहा ६७६, हातचे ८४१.
१९३ × २५७ + ७०७ × ८३८ + ७२१ × ७६१ + ८४१ = ११,९१,५८९. लिहा ५८९, हातचे ११९१.
१९३ × ८३८ + ७०७ × ७६१ + ११९१ = ७,००,९५२. लिहा ९५२, हातचे ७००.
१९३ × ७६१ + ७०० = १,४७,५७३.

शेवटच्या ओळीपासून वर जोडत या: १४७५७३ ९५२ ५८९ ६७६ ४१२ ९२७. सहा ओळींत काम संपलं. शोधायला वर्षं लागली, ताडून पाहायला दहा मिनिटं. दोन्ही अवयव चाळणीतही बसतात: पहिल्याला क = १४,४५,५८०, दुसऱ्याला क = ५,६८,५३,६०,१२९. पहिल्या क ची ४ ने भागल्यावर बाकी ०, दुसऱ्याची १.

कोल यांच्या नावाने संख्या सिद्धांतात, म्हणजे नंबर थिअरीत, आजही पुरस्कार दिला जातो. २००८ मध्ये तो मंजुल भार्गव यांना आणि २०११ मध्ये मूळचे मुंबईकर चंद्रशेखर खरे यांना (ज्याँ-पियेर विंतेनबर्जर यांच्यासह) मिळाला.

### आजचा संगणक हे क्षणात करतो, मग अवघड काय राहिलं?

लिनक्सवर ‘फॅक्टर’ ही आज्ञा देऊन संख्या लिहिली की उत्तर पापणी लवायच्या आत येतं. पण त्यात संगणकाच्या वेगाइतकाच या संख्येच्या कच्चेपणाचाही हात आहे. लहान अवयवातून १ वजा करा आणि त्याचे अवयव पाडा:

१९,३७,०७,७२० = २³ × ३³ × ५ × ६७ × २,६७७

सगळ्यांत मोठा तुकडा फक्त २,६७७. जॉन पोलार्ड यांची १९७४ मधली एक पद्धत असे अवयव लगेच पकडते. लहान लहान संख्यांचा एक प्रचंड गुणाकार घातांक म्हणून घ्यायचा, ३ ला त्या घाताला चढवायचं (बाकीच ठेवत), १ वजा करायचा, आणि जे उरेल त्याचा, जिचे अवयव पाडायचे त्या संख्येशी मसावि काढायचा. व − १ चे सगळे तुकडे त्या गुणाकारात येऊन गेले असतील, तर व त्या मसाविमध्ये सापडतो. तुकडे मोठे असतील तर मात्र ही पद्धत हात टेकते.

### याचा माझ्या पैशांशी काय संबंध?

मूळ-संयुक्त ओळखणं सोपं आणि अवयव पाडणं अवघड, रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांची गुप्तलेखनाची १९७७ मधली आरएसए पद्धत याच दरीवर उभी आहे. दोन मोठ्या मूळ संख्या निवडायच्या, त्यांचा गुणाकार जगजाहीर करायचा, अवयव लपवायचे. आज नेहमीच्या वापरात हा गुणाकार २,०४८ बिटांचा, म्हणजे ६१७ अंकी असतो. संकेतस्थळं (बँकांचीही) आणि सॉफ्टवेअर यांची ओळख पटवणाऱ्या डिजिटल सह्यांमध्ये तो सर्रास वापरला जातो.

त्यासाठी लागणाऱ्या १,०२४ बिटांच्या मूळ संख्या मिळवणं अवघड नाही. त्या आकाराच्या विषम संख्यांपैकी साधारण ३५५ मध्ये एक मूळ असते. यादृच्छिक विषम संख्या घ्यायची, कसोटी लावायची, नापास झाली तर दुसरी. काही क्षणांत काम होतं. मूळ-संयुक्त ठरवण्याचं काम नेहमीच, आणि खात्रीने, वाजवी वेळात होतं हे २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्ध केलं. त्यांचीही कसोटी अवयव सांगत नाही. नेहमीच्या संगणकावर अवयव पाडण्याची तशी वेगवान पद्धत कुणाकडेच नाही. जाहीर आव्हानांपैकी २५० अंकी संख्या फेब्रुवारी २०२० मध्ये फुटली; त्याला एका प्रोसेसर-कोरची सुमारे २,७०० वर्षं भरतील एवढं गणित लागलं, तेही हजारो कोर एकत्र जुंपून.

गडबड होते ती बहुतेक वेळा संख्या निवडताना. २०१२ मध्ये दोन वेगवेगळ्या संशोधक गटांनी इंटरनेटवरच्या लाखो पब्लिक की, म्हणजे असे जगजाहीर केलेले गुणाकार, गोळा करून त्यांचे जोडीजोडीने मसावि काढले. हजारो कींमध्ये एक अवयव सामाईक निघाला, कारण ती उपकरणं सुरू होताक्षणी पुरेशी यादृच्छिकता नसतानाच संख्या निवडत होती. दोन संख्यांचा मसावि काढायला युक्लिडची पद्धत पुरते, अवयव पाडावेच लागत नाहीत.

### क्वांटम संगणक आला की?

पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवलेली क्वांटम पद्धत वर सांगितलेल्या बाकींच्या चक्राचीच लांबी शोधते. लांबी मिळाली की अवयव बहुधा मिळतातच. पण ६१७ अंकांसाठी लागणारं, चुका सावरणारं यंत्र अजून बनलेलं नाही. तयारी मात्र सुरू आहे: अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये अवयवांवर न विसंबणाऱ्या पद्धतींची पहिली तीन मानकं जाहीर केली.

### म६७ सारखी संख्या आज उरली आहे का?

आहे. २ चा १२७७ वा घात वजा १ ही ३८५ अंकी संख्या संयुक्त आहे, हे कसोटीने ठरलेलं आहे. तिचा एकही अवयव अजून सापडलेला नाही, आणि असं म्हणता येईल अशी ती सर्वांत लहान मर्सेन संख्या आहे. पोलार्डची पद्धत आणि तिच्याहून पुढच्या पद्धती तिच्यावर वर्षानुवर्षं चालवून झाल्या, म्हणजे सोपा, लहान अवयव तिच्यात असण्याची शक्यता फार कमी. आपण वर काढलेली चाळणी तिलाही लागू पडते: अवयव २,५५४ × क + १ या रूपाचे, आणि ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७.